गोरखचिंचेच्या ढोलीतला माणूस

आजवर जे लिहिलं ते हजार-हजार प्रतींसाठी लिहिलं. चौकात वाटायला, भिंतीवर चिकटवायला, एसटीच्या खिडकीतून आत सरकवायला. हे तसं नाही. हे तुम्हा एकट्यासाठी आहे — आणि तुम्ही कोण, हे मला माहीत नाही. कदाचित म्हणूनच लिहिता येतंय. ओळखीच्या माणसांपुढे मी अनेकदा तोंड उघडलं आणि दुसरंच काहीतरी बोलून मिटलं. अण्णांना सांगितलं नाही. आईला नाही. ज्याच्याशी लग्न व्हायचं होतं आणि झालं नाही, त्यालाही नाही.

झाडापासून सुरुवात करते. झाडाबद्दल बोलणं सोपं आहे.

औरंगाबादेत मकबऱ्याच्या मागून टेकडीची पायवाट लागते. लेण्यांकडे जाणारी वाट सोडून द्यायची आणि मेंढरांनी पाडलेल्या वाटेनं खिंडीकडे चढायचं. पावसाळा सरताना ही टेकडी हिरवी असते, गवत गुडघ्याला लागतं, कुसळं कपड्यात शिरतात. खिंडीतून मागे पाहिलं की सगळं शहर दिसतं, दूर दौलताबादचा डोंगर दिसतो. आणि पुढे पाहिलं की खाली निजामाच्या काळातली सरकारी बाग. तिच्यात आंबे आहेत, पेरू आहेत, कोरडा हौद आहे. आणि सगळ्यांच्या मधोमध ती — गोरखचिंच. तिला हाथी का झाड म्हणणारेही आहेत. खोड खरंच हत्तीसारखं, राखाडी, सुरकुतलेलं. सहा-सात माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारं. किती जुनी? कुणी मलिक अंबरच्या काळातली म्हणतं, कुणी त्याच्याही आधीची. उन्हाळ्यात तिला एक पान नसतं, मुळं वर करून कुणी पुरल्यासारखी दिसते. पावसात पानं येतात, हाताच्या पंजासारखी, आणि भाद्रपदात तर खोडाचा वरचा भाग दिसतही नाही. खोडाच्या मागच्या अंगाला एक ढोली आहे. माणूस आत उभा राहू शकेल एवढी.

त्या ढोलीकडे मी दरवर्षी जाते. एकटी. चढताना कुणाशी बोलायचं नसतं, उतरतानाही नाही. पूर्वी आम्ही तिघं जायचो.

माझं घर तुम्हाला आधी समजायला हवं. आमच्या घरी पत्रकं होती. दुसऱ्यांच्या घरी देव असतात, भांडी असतात. आमच्याकडे माळ्यावर, पलंगाखाली, धान्याच्या कणगीमागे पत्रकांचे गठ्ठे. आई त्यावर पापड वाळत घालायची. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवरून. अण्णा फुलंब्रीकडचे, निजामाच्या राज्यात तुरुंगात गेलेले. रात्री सायक्लोस्टाइलची कळ फिरवून पत्रकं काढणारे. त्यांच्या जिवलग मित्राला निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी मारलं होतं. त्या मित्राचं नाव घेताना अण्णा अजूनही उभे राहतात. आमच्या घरात पोलिस ॲक्शन हा शब्द पहाटेसारखा उच्चारला जायचा. अठ्ठेचाळीस साली भारताची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आपण सुटलो. त्यानंतरच्या दिवसांत काय झालं, हे आमच्या घरात कुणी विचारत नव्हतं. विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.

मी त्या घरची मुलगी. कॉलेजात गेल्यावर मीही लिहू लागले. फीवाढ, हुंडा, रेशनची साखर, पाण्याचे नळ — कशावर लिहिलं नाही? माझी जीभ तेज होती. पोरं म्हणायची, हिच्या पत्रकाला हात लावला की पोळतं. मला ते फार आवडायचं. खोटं लिहिणाऱ्यांवर तर मी एक अख्खं पत्रक काढलं होतं. लाल शाईत.

हसू येतंय ना? मला येत नाही.

आमची पत्रकं ज्या छापखान्यात छापली जात, तिथून छापलेले ताव कापायला जात ते हमीदचचांकडे. पलीकडच्या गल्लीत त्यांचं बाइंडिंगचं दुकान. कोर्टाच्या फायली, शाळेच्या वह्या, कुराण, पोथ्या, सगळ्यांना तेच पुठ्ठा चढवत. बारीक अंगाचे, खळीनं कायम पांढरी झालेली बोटं, कमी बोलणारे. त्यांची नसीम माझ्या वर्गात. आम्ही दोघी एका वहीवर अभ्यास करायचो, एका सायकलवर डबलसीट जायचो. ती माझ्या पत्रकांना नावं ठेवायची. म्हणायची, "तुझ्या पत्रकात सगळे ओरडतात गं. एक जण तरी खोकू दे की." मी चिडायचे. ती हसायची.

दरवर्षी पावसाळा सरताना, एका ठरावीक दिवशी, चचा दुकान बंद ठेवत आणि चालत त्या झाडाकडे जात. नसीमला बरोबर नेत. एके वर्षी नसीम म्हणाली, चल. मी गेले. मग दरवर्षी जाऊ लागले. मला वाटलं होतं पिकनिक आहे. चचांच्या पिशवीत भाकरी असायची आणि गुळाचा खडा. झाडाजवळ पोचलं की ते थोडा वेळ नुसते बसत, मग गूळ फोडून ढोलीच्या तोंडाशी ठेवत. मुंग्या येत. त्या मुंग्या बघत ते भाकरी खात. आम्हालाही देत. मग परतायचं. एवढंच.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी बागेत खुणा दिसल्या. झाडांच्या खोडांवर चुन्याचे पट्टे, जमिनीत खुंट्या. सरकारी पाहुण्यांसाठी विश्रामगृह होणार होतं आणि त्याला जाणारा मोटारीचा रस्ता बरोबर गोरखचिंचेवरून. चचांनी चुन्याचा पट्टा बघितला. त्यावरून बोट फिरवलं. आणि त्या दिवशी, परतायच्या आधी, ते बोलले.

"मैं इधर था, बेटा," ते म्हणाले. मग मला कळावं म्हणून मराठीत, "ह्याच्या आत. पोलिस ॲक्शन झालं ना, तेव्हा."

ते तेव्हा जवान होते, दुसऱ्याच्या दुकानात बाइंडिंग शिकत होते. कुठल्याच सेनेत नव्हते. त्यांना बंदूक म्हणजे काय, ठाऊक नव्हतं. थोरला भाऊ फुलंब्रीच्या अलीकडे एका खेड्यात सासुरवाडीला होता. फौज आली, रझाकार पळाले, आणि मग खेड्यांतून लोकांचे घोळके फिरू लागले. रझाकार सापडत नव्हते, तर जो मुसलमान सापडेल तो. चचा भावाला आणायला गेले. "भाई नहीं आया," एवढंच ते म्हणाले. त्या वाक्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. येताना ते डोंगरातून लपत आले, शहरात शिरायची हिंमत झाली नाही, आणि ह्या ढोलीत शिरले. बागेच्या माळ्याची बायको, ठकूबाई, गवत कापायला आली आणि तिनं त्यांना पाहिलं. ओरडली नाही. निघून गेली. चचांना वाटलं, आता माणसं घेऊन येईल. ती भाकरी घेऊन आली. भाकरीत गुळाचा खडा.

मग रोज येऊ लागली. येताना लांबूनच नसलेल्या गाईवर खेकसायची, "हो गं बये, हो तिकडं! मेली कुठं बी तोंड घालती!" गाय नव्हतीच. ती हाक म्हणजे मी आहे, भिऊ नको. ती हाक आली नाही आणि नुसती पावलं वाजली, तर श्वास धरायचा. एकदा माणसं अगदी झाडाखाली येऊन बसली, बिड्या ओढत. चचांना धुरानं खोकला आला. त्यांनी सदऱ्याची बाही तोंडात कोंबली. आत मुंगळे होते, ते मानेवर चढत होते आणि हलता येत नव्हतं. ठकूबाई तेवढ्यात आली आणि त्या माणसांवरच गाईसारखी खेकसली, माझं गवत तुडवू नका म्हणून. ती माणसं हसत उठून गेली.

हे सांगताना चचांनी ठकूबाईच्या आवाजात ती हाक मारून दाखवली. "हो गं बये!" नसीम रडत होती. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. चचा मात्र हसत होते. म्हणाले, "ती बाई मेली. तिची माणसं कुठं गेली, मालूम नाय. आता हे झाड तेवढं राहिलं, ज्याला सगळं माहीत."

मी तिथंच म्हणाले, "चचा, हे झाड मी पडू देणार नाही."

शपथच घेतली म्हणा ना. आणि ती मी पाळली. झाड आज उभं आहे. पाहा — इथवर सगळं ठीक आहे, इथंच थांबले तर तुम्ही मला चांगली म्हणाल.

पहिलं पत्रक मी झाडावर लिहिलं. प्राचीन वृक्ष, दुर्मीळ जात, शहराचं भूषण. आमचा आठ-दहा पोरापोरींचा गट ते घेऊन बांधकाम खात्याच्या साहेबाकडे गेला. साहेब वाचून हसला. म्हणाला, "नावाला चिंच, चिंचा नाय, लाकूड पोकळ, उन्हाळ्यात सावली बी नाय. कशाला ठिवायची?" लोकही असंच म्हणाले. सह्या मिळेनात. एक म्हातारी तर म्हणाली, "पोरी, नळाचं बघ आधी."

मी हात हलवत घरी आले. अण्णा आरामखुर्चीत होते. पत्रक वाचून बाजूला ठेवलं. "झाडासाठी मानूस उठत नाय," ते म्हणाले. "मानसासाठी उठतो. त्या झाडाला एक मानूस दे."

माझ्याकडे माणूस होता.

त्या संध्याकाळी मी लिहायला बसले. आणि एका बैठकीत लिहिलं — अगदी हात थांबला नाही. ढोली, मुंगळे, तोंडात कोंबलेली बाही, बिड्यांचा धूर, ठकूबाई, नसलेली गाय. सगळं जसंच्या तसं. मी एवढं चांगलं त्याआधी कधी लिहिलं नव्हतं, नंतरही नाही. नसीम म्हणायची तसा माझ्या पत्रकात पहिल्यांदा एक माणूस खोकला होता. फक्त — आता ऐका — फक्त तो माणूस स्वातंत्र्यसैनिक होता. आणि झाडाखाली बिड्या ओढत बसले होते ते रझाकार होते.

एवढाच बदल. दोन शब्दांचा. आणि गुळाच्या जागी मी ठेचा लिहिला. लढणाऱ्या माणसाला गूळ शोभेना.

का केलं? मी स्वतःला तेव्हा एक उत्तर दिलं होतं: खरं लिहिलं तर ह्या शहरात एक सही मिळणार नाही, उलट उद्या कुणी झाडालाच काडी लावेल. कदाचित खरं असेलही. पण मी हे कसं सांगू? मी लिहून पाहिलंच नाही. एक मसुदासुद्धा केला नाही. आणि खरं सांगायचं तर मला शहराची भीती नव्हती. मला भीती होती आरामखुर्चीची. माझ्या बापाच्या पहाटेनंतर कुणीतरी झाडात लपून श्वास धरला होता, हे त्यांच्या हातात छापून द्यायचं? एवढी तिखट जीभ माझी — ती तिथं वळली नाही. रझाकारांची भीती खोटी नव्हती. अण्णांचा मित्र खोटा मेला नव्हता. पण ती भीती ह्या झाडातली नव्हती. ह्या झाडातली भीती दुसऱ्याची होती, आणि मी ती उचलून आमच्या घरात आणून ठेवली.

अण्णांनी वाचलं. चष्मा काढला. तो पुसला. मग विचारलं, "कोन गं हा? आमच्यातला असून मला कसा ठाऊक नाय?"

मी म्हणाले, खेड्यातला एक म्हातारा आहे, नाव सांगू नको म्हणाला.

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "नाव नको म्हनला, म्हंजे खरा मानूस."

पत्रक छापखान्यात गेलं. छापून ताव कापायला गेले. कुठं गेले असतील? माझ्या डोक्यातही आलं नाही, असं म्हणू का? आलं होतं. मला वाटलं, चचांना मराठी वाचता येत नाही. ते उर्दू शिकलेले, हिशेब उर्दूत ठेवणारे. इतकी वर्षं त्यांच्या दुकानात बसून मी हे पाहिलं नव्हतं, की फायलींच्या पाठीवर मराठी नावं तेच घालत होते. राज्याची भाषा बदलली तेव्हा पोट भरण्यासाठी ते पुन्हा अक्षरं गिरवायला बसले होते. आणि माझी पत्रकं तर ते पहिल्यापासून वाचत होते. नसीमनं मला हे नंतर सांगितलं. एक प्रत काढून ठेवायचे म्हणे, प्रत्येक पत्रकाची. कौतुकानं.

तर त्यांनी ते वाचलं. ताव पात्याखाली सरकवण्याआधी. आणि मग कापलं. एका तावाची चार पत्रकं. गठ्ठे नेहमीसारखे सुतळीनं बांधून आले, कडा सरळ, एकही पान तिरपं नाही. मी ते सायकलला अडकवले आणि निघाले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पत्रक पेटलं. बायका वाचून रडल्या. ज्या म्हातारीनं मला नळाचं बघायला सांगितलं होतं, तिनं अंगठा दिला. शाळेच्या मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. साहेबानं नकाशा पुन्हा मागवला आणि मोटारीचा रस्ता वळवला. मराठवाडा मुक्तिदिनाला झाडाखाली कार्यक्रम ठरला. मला व्यासपीठावर बसवलं.

चचा आले होते. नसीमबरोबर. डोंगर चढून, चालत. मी व्यासपीठावरूनच त्यांना खिंडीतून उतरताना पाहिलं. दोन माणसं, एक बारीक आणि एक ओढणी सावरणारी. ते का आले? मी वर्षानुवर्षं ह्या प्रश्नापाशी बसते. मला वाटतं, त्यांना अजून खात्री होती की मी काहीतरी करेन. तिथं, सगळ्यांसमोर, हात करून म्हणेन — हा बघा.

शाळेच्या मुलींनी नाटुकलं केलं. एका लहान मुलीनं डोक्यावर गवताचा भारा घेतला आणि ओरडली, "हो गं बये, हो तिकडं!" सगळे हसले. चचाही हसले. मी पाहिलं. त्यांचा चेहरा त्या एका क्षणी इतका उघडा होता की — नाही, ते मला लिहिता येत नाही.

मग पुढारी उठले. हातात झेंडूचा मोठा हार. माइकवरून मला म्हणाले, "ताई, ज्यांनी तुम्हाला ही हकिकत सांगितली, त्या वीराला पुढं आणा. हार त्यांच्यासाठी आणलाय. कुठं आहेत ते?"

मी माइकजवळ गेले. अण्णा पहिल्या रांगेत होते, पांढऱ्या टोपीत, ताठ बसलेले. चचा मागे पेरूच्या झाडापाशी उभे होते. माझ्या नजरेत दोघं एकाच वेळी होते. मला म्हणता आलं असतं, ते आज आले नाहीत. म्हणता आलं असतं, त्यांना पुढे यायचं नाही. खोटंच बोलायचं तर ही लहान खोटी होती, कुणाला लागणारी नव्हती. पण मला ते प्रकरण कायमचं मिटवायचं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा कुणी विचारू नये, एवढं पक्कं.

मी म्हणाले, "ते आता हयात नाहीत."

चचांकडे बघून म्हणाले. हे सांगायला मी इतकी पानं घेतली. नजर चुकवून नाही म्हणाले — त्यांच्याकडे बघून.

लोकांत हळहळ पसरली. पुढाऱ्यांनी हार झाडाच्या खोडाला बांधायला लावला आणि म्हणाले, त्या अनामिक वीरासाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या. सगळे उभे राहिले. अण्णांनी टोपी नीट केली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. हमीदचचांचीही गेली. ते स्वतःसाठी उभे राहिले, हात पुढे बांधून, सगळ्यांच्या मागे. एक मुंगी त्यांच्या बाहीवर चालत होती का, एवढं लांबून मला दिसणं शक्य नाही. पण मला ती दिसते.

नंतर पोरांनी टोपल्यांतून भाकरी वाटली. प्रत्येकाच्या हातावर तुकडा, तुकड्यावर ठेचा. माझ्या पत्रकावरूनच कुणाला तरी सुचलेलं. चचांच्या हातावरही एक तुकडा पडला. त्यांनी तो सगळा खाल्ला, बोटं पुसली आणि नसीमला घेऊन वर चढू लागले. मागे वळून पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

नसीम मला एकदाच भेटली त्याबद्दल. कॉलेजच्या सायकल स्टँडवर. मला वाटलं ओरडेल, मारेल. मी तयार होते. भांडण मला येतं. ती कुलूप काढत होती, काढून झाल्यावर म्हणाली, "अब्बा कालपासून मला एकच विचारताहेत." मग त्यांच्याच शब्दांत, हळू: "मैं उसको जास्ती बोल दिया क्या?"

मी पिशवीत सायकलची किल्ली शोधू लागले. ती सायकल घेऊन गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न होऊन ती हैदराबादला गेली. मला कार्ड आलं होतं. चचांनीच बांधलेल्या पुठ्ठ्याच्या लिफाफ्यात. मी गेले नाही.

छापखाना मी बदलला. त्या गल्लीतून जायचं टाळू लागले, मग टाळायची सवय झाली, मग ती गल्ली माझ्या शहरात राहिलीच नाही. एकाच शहरात एका माणसाला इतकी वर्षं न भेटणं अवघड असेल असं वाटतं ना? अजिबात अवघड नाही. आणि पत्रकं? लिहिते. अजून लिहिते. लोक म्हणतात, धार कमी झाली नाही. खरंय. धार म्हणजे काय, हे मला एका बाइंडिंगच्या दुकानात कळलं असतं, पण मी तिथं गेले नाही.

चचा त्या कार्यक्रमानंतर झाडाकडे कधी गेले नाहीत, हे मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या त्या ठरावीक दिवशी मी जाते. आता तिथं लोखंडी पाटी आहे. माझंच पत्रक, चार ओळींचं केलेलं. दर मुक्तिदिनाला शाळा येते, झेंडा लागतो, कुणीतरी लहान मुलगी गाईवर ओरडते. ढोलीच्या तोंडाशी भाकरी-ठेचा ठेवतात. मुंग्या ठेच्याकडे फिरकत नाहीत. तो तसाच वाळतो.

ह्या झाडाची साल जखमेवर पुन्हा चढते म्हणतात. ढोलीचं तोंड पूर्वीपेक्षा लहान झालंय. आता आत शिरायचं तर अंग चोरावं लागतं. एकदा मी शिरले होते. आतून बाहेरचं काही दिसत नाही, फक्त पावलं ऐकू येतात. मी बराच वेळ उभी होते. कुणीच आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात अण्णांनी पेपर वाचता वाचता सांगितलं, "तुझ्या त्या मैत्रिणीचे वडील वारले की गं, बाइंडिंगवाले. भला मानूस होता. कडा लई सरळ कापायचा." मी हं म्हणाले आणि चहाचा कप विसळायला आत गेले.

म्हणजे आता माझं ते वाक्य कुणीही तपासलं तरी खोटं निघणार नाही. ते हयात नाहीत.

त्या दिवशी होते. पेरूच्या झाडापाशी उभे होते, आणि माझ्याकडे बघत होते.